रोजच्या पोलोला लोअरिंग किट : बिलस्टाइन बी१२ प्रो-किट, चौदा महिने वापरून

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. रोज ऑफिसला न्यायची, आईबाबांना मागे बसवून गावाला न्यायची गाडी थोडी खाली बसवायची असेल तर स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकमेकांसाठी बनवलेले, एकाच बॉक्समधले घ्या, तीस-पस्तीस मिमीच्या पुढे जाऊ नका, आणि बजेट कमी पडत असेल तर सहा महिने थांबा पण कंपनीच्या शॉकवर नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाकू नका. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, मी नुसत्या स्प्रिंगा टाकल्या होत्या आणि दहा महिने त्याचे भोग भोगलेत.

गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ चं इंजिन, १०५ पीएस, डीएसजी गिअरबॉक्स. आपल्या चाकणच्या प्लांटमधून निघालेली. २०२२ ला पोलो इथे बंद झाली तेव्हा ठरवलं की ही गाडी आता विकायची नाही, दहा वर्षं तरी नीट सांभाळायची, आणि जे काही करायचं ते गाडीला शोभेल असं करायचं. भारतातली पोलो मुळातच युरोपातल्यापेक्षा उंच आहे, आपले रस्ते बघून कंपनीनं ती उचललेली आहे, कागदावर ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी. त्यामुळे बाजूनं बघितलं की टायर आणि फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) मधे एवढी मोठी फट दिसते की आख्खी मूठ आत जाते. मला ती फट कमी करायची होती, आणि दुसरं म्हणजे एक्स्प्रेस वेवर लेन बदलताना गाडी जी वरच्या वर झोके घ्यायची ते थांबवायचं होतं. एवढीच अपेक्षा. गाडी रस्त्याला चिकटवून फोटो काढायची हौस मला कधीच नव्हती.

पहिली चूक. एका गॅरेजमधे गेलो, नाव घेत नाही, तिथे सांगितलं की "दादा, स्प्रिंगा टाका, अर्ध्या दिवसात गाडी मस्त बसते, शॉक कशाला बदलता, चांगले आहेत तुमचे." पन्नास हजार किलोमीटर झालेले शॉक होते. स्प्रिंगांवर चाळीस मिमी लिहिलेलं. संध्याकाळी गाडी हातात आली, दिसायला खरंच सुंदर, पार्किंगमधे पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. घरी येताना सिंहगड रोडचा पहिलाच स्पीडब्रेकर आला आणि पुढून ठाक करून आवाज आला, चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) लागलं वाटून पोटात गोळा आला. खाली वाकून बघितलं तर चेंबरला काही नाही. आवाज आतून होता, शॉक पूर्ण दबून बंपस्टॉपवर आपटत होता.

इथे थोडं थांबतो कारण सगळा विषय इथेच आहे आणि इथेच लोक फसतात. गाडी किती मिमी खाली गेली हे सगळे विचारतात, पण चाकाला वर यायला किती जागा उरली हे कोणी विचारत नाही. चाक खड्ड्यातून किंवा ब्रेकरवरून जातं तेव्हा ते वर येतं, शॉकचा रॉड आत जातो, स्प्रिंग दबते. रॉडच्या वरच्या टोकाला एक पिवळसर फोमसारखा ठोकळा असतो, तो बंपस्टॉप. रॉड तिथपर्यंत गेला की स्प्रिंगचं काम जवळजवळ संपलं, आता तो ठोकळा दबणार आणि मग सरळ बॉडीला हिसका. गाडी चाळीस मिमी खाली बसवली म्हणजे उभ्या गाडीतच रॉड चाळीस मिमी आत गेलेला आहे, म्हणजे ती जागा तुम्ही आधीच खर्च केली. शॉक तोच, लांबी तीच, बंपस्टॉप तोच. मग राहिलं काय? माझ्या गाडीत पुढे मी एकटा बसलेला असताना शॉकच्या बॉडीपासून बंपस्टॉपपर्यंत दोन बोटं जागा होती. दोन बोटांत पुण्याचे रस्ते मावत नाहीत.

हे मोजायची एक सोपी युक्ती आहे, कुठलंही मशीन लागत नाही. शॉकवरचा रबरी बूट वर सरकवायचा, चकचकीत रॉडवर एक बारीक केबल टाय घट्ट बांधायचा आणि खाली शॉकच्या बॉडीला टेकवून ठेवायचा. गाडी चालवायची. रॉड जेवढा आत जाईल तेवढा टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. आठवड्यानं बूट वर करून बघायचं की टाय आणि बंपस्टॉपमधे किती अंतर उरलंय. अंतर उरलं असेल तर तुमचं सस्पेन्शन जिवंत आहे. माझा टाय पहिल्याच दिवशी, सोसायटीच्या गेटच्या बाहेरचा ब्रेकर ओलांडेपर्यंत, बंपस्टॉपला जाऊन चिकटला होता. प्लायरनं कापून काढावा लागला. दहा रुपयांच्या टायनं जे दाखवलं ते अर्ध्या पुण्यात फिरून कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा त्रास एक्स्प्रेस वेवर कळला. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असते, असावीच लागते, नाहीतर कमी जागेत गाडी कशी पेलणार. स्प्रिंगची तार थोडी जाड केली तरी फरक मोठा पडतो कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, १२ मिमीची तार १२.५ केली की बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग साधारण अठरा टक्के कडक होते. आता कडक स्प्रिंग दबली की परत उसळतेही जोरात, आणि तिला आवरायचं काम शॉकचं. कंपनीचा शॉक कंपनीच्या मऊ स्प्रिंगसाठी भरलेला, त्यात पन्नास हजार चाललेला. तो बिचारा किती आवरणार? पुलाच्या जॉइंटवरून गेलं की गाडी एकदा खाली, एकदा वर, परत खाली, परत वर. आई मागे बसली होती, लोणावळ्यापर्यंत काही बोलली नाही, फूड मॉलला उतरल्यावर म्हणाली, "अरे मानेला हिसके बसतायत रे, आधी अशी नव्हती ना ही गाडी?" तिचं मणक्याचं दुखणं जुनं आहे. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, हौस माझी आणि भोगायचं तिनं.

दहाव्या महिन्यात मागचा डावा शॉक गळला. तेल बाहेर येऊन त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. त्याच सुमारास पुढच्या टायरची आतली कड हातानं चाचपली तर करवतीसारखी लागली, कारण गाडी बसवल्यावर त्या गॅरेजनं अलाइनमेंट केलीच नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. दोन टायर गेले. म्हणजे स्वस्तात म्हणून केलेलं काम टायर, शॉक, फिटिंग धरून स्वस्त अजिबात राहिलं नाही.

मग नीट अभ्यास केला. पर्याय काय काय आहेत ते माझ्या बुद्धीनं सांगतो.

स्प्रिंग कापणे. करू नका, विषय संपला. तरी कोणीतरी करतंच म्हणून कारण सांगतो. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते, तेवढ्यानं काही बिघडत नाही, बिघडतं ते टोक. कापलेलं टोक स्प्रिंगच्या वाटीत नीट बसत नाही, आणि लांबी कमी झाल्यामुळे जॅकवर गाडी उचलली किंवा मोठ्या ब्रेकरवरून चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सुटी होते, खडखडते, जागेवरून फिरते. घाटातल्या वळणावर ती तिरकी होऊन बसली तर काय होईल याचा विचार करा. गॅस कटरनं कापणारे तर आणखी थोर, उष्णतेनं त्या पोलादाचं टेम्परिंगच, म्हणजे तापवून आणलेला चिवटपणाच, जातं.

कॉइलओव्हर. यात शॉकच्या बॉडीवर आटे असतात, रिंग फिरवून गाडीची उंची हवी तशी करता येते. केडब्ल्यूचं व्ही१ घेतलं तर फक्त उंची, व्ही२ मधे रिबाउंडही (दबलेला शॉक परत उघडतानाचा विरोध) ॲडजस्ट होतो, व्ही३ मधे रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही. बिलस्टाइनच्या बी१४ मधे उंची बदलते, डॅम्पिंग, म्हणजे शॉकचा हा विरोध, कंपनीनं ठरवलेलं तेच. तैवानच्या बीसी रेसिंगच्या बीआर सिरीजला डॅम्पिंग कमीजास्त करायचे तीस क्लिक असतात आणि आपल्याकडे ट्रॅकवर जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांखाली ते बऱ्यापैकी दिसतात. सगळ्या उत्तम वस्तू आहेत, कोणी फुकट दिलं तर मी नाही म्हणणार नाही. पण रोजच्या गाडीला मी तीन कारणांनी घेतलं नाही. एक, आपला पावसाळा. चार महिने त्या आट्यांवर लाल चिखल, खडी, पाणी, आणि माझं गाव कोकणात, तिथे खारा वारा. केडब्ल्यू स्टेनलेस स्टीलची बॉडी देतं ते यासाठीच, पण त्याची किंमतही तशीच. आटे दर सहा महिन्यांनी ब्रशनं घासून त्यावर संरक्षक स्प्रे मारायचा असतो, ते मी करणार नाही हे मला माहीत आहे. दोन, तीस क्लिकचं काय करू? मला सोमवारी ऑफिसला जायचंय. क्लिक चुकीचे लावले तर महागडं कॉइलओव्हरही साध्या शॉकपेक्षा वाईट चालतं, आणि बरोबर लावायला जो वेळ आणि कान लागतो तो सगळ्यांकडे नसतो. तीन, रिंग फिरवून खाली करता येतं म्हटलं की माणूस करतोच. माझा एक मित्र दर महिन्याला पाच-पाच मिमी करत खाली गेला आणि शेवटी बंपस्टॉपवरच गाडी चालवत होता.

एअर सस्पेन्शन माझ्या बजेटच्या आणि गरजेच्या दोन्हीच्या बाहेर, त्यावर बोलत नाही.

मग उरला तो पर्याय मी घेतला, मॅच केलेलं किट. बिलस्टाइनचं बी१२ प्रो-किट म्हणजे आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा आणि बिलस्टाइनचे बी८ शॉक, दोन्ही जर्मन कंपन्यांनी एकत्र जुळवून एका बॉक्समधे दिलेले. इथे बी६ आणि बी८ मधला फरक लक्षात ठेवा कारण दुकानदार पण घोळ घालतात. बी६ हा कंपनीच्या लांबीचा, कंपनीच्या स्प्रिंगसाठी. बी८ हा आखूड केलेला, लोअरिंग स्प्रिंगसाठी. आखूड म्हणजे नेमकं काय, तर वर सांगितलेली जी जागा आपण गाडी खाली बसवून खर्च करतो ती बॉडी आखूड करून परत मिळवलेली असते, आणि चाक पूर्ण लटकलं तरी स्प्रिंग वाटीत दाबलेलीच राहते. मोनोट्यूब (एकाच नळीचा) आहे, आत गॅस मोठ्या प्रेशरनं तेलाला दाबून ठेवतो त्यामुळे खराब रस्त्यावर सतत चालवून तेलाला फेस येत नाही, आणि फेस आला नाही की शॉक शेवटपर्यंत सारखाच वागतो. या गॅसमुळे गाडी दोन-चार मिमी उचललीही जाते, तेवढं धरून चाला.

बाहेरून मागवलं, कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून लाखाच्या घरात गेलं. होय, महाग आहे. पण यादीत आणखी काही गोष्टी धरा ज्या कोणी सांगत नाही : पुढचे दोन्ही स्ट्रट माउंट (स्ट्रट म्हणजे पुढचा स्प्रिंग-शॉकचा एकत्र खांब, माउंट म्हणजे तो वर बॉडीला धरणारा रबरी भाग) आणि त्यांचे बेअरिंग, डस्ट बूट, लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा), आणि एकदाच वापरायचे बोल्ट. फोक्सवॅगनमधे सस्पेन्शनचे बरेच बोल्ट ताणून बसवायचे असतात, ते एकदा उघडले की नवे टाकायचे. दोन-तीन हजारांचे बोल्ट वाचवायला गेलो असतो तर लाखाच्या किटला अर्थ नव्हता. स्ट्रट उघडलाच आहे तर पन्नास-साठ हजार चाललेलं माउंट परत आत घालणं म्हणजे अंघोळ करून तेच कपडे घालणं.

फिटिंगला या वेळी दुसऱ्या माणसाकडे गेलो. भोसरीकडचे एक जुने मिस्त्री, पोलो-व्हेंटोवर हात बसलेला, आम्ही काका म्हणतो. सकाळी साडेनऊला सुरू केलं, मी दिवसभर तिथेच स्टूल घेऊन बसलो. काकांनी आधी काय केलं तर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारी बाजूंना टेपनं मोजून मार्करनं हातावर लिहिलं. जमिनीपासून मोजायचं नाही, टायरमधली हवा कमीजास्त असली की माप चुकतं. मागचं काम सोपं, पोलोत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा, शॉकचे खालचे बोल्ट सोडून बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) खाली सोडला की स्प्रिंग हातानं निघते. पुढे मात्र स्ट्रटवरच स्प्रिंग दाबलेली, तिथे कम्प्रेसर लागतो आणि तिथे घाई करणारा माणूस नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. काका कम्प्रेसर आवळताना समोर कधीच उभे राहिले नाहीत, पोराला पण बाजूला घेतलं. स्ट्रट नकलमधून (चाक धरणाऱ्या लोखंडी भागातून) काढायला ते हातोडा घेतील म्हणून मी धास्तावलो होतो, पण त्यांनी फटीत स्प्रेडर घालून चतकोर फिरवला आणि स्ट्रट शांतपणे वर सरकला.

जुना स्ट्रट उघडला तेव्हा बंपस्टॉप हातात आला, म्हणजे हातात चुराच आला. दहा महिने रोज आपटून त्याचा फोम बिस्किटासारखा भुरभुरीत झालेला, काकांनी दोन बोटांत चोळला आणि त्याची पिवळी पूड जमिनीवर पडली. रॉडवर एका बाजूला उभे ओरखडे. काका म्हणाले, "बघ, हे गाडीनं तुला रोज सांगितलं असणार, तू ऐकलं नाहीस." खरं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली जी मी तुम्हाला कळकळीनं सांगतो, कारण दहातले आठ गॅरेजवाले करत नाहीत. कंट्रोल आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या हाताचे) आणि मागच्या बीमचे जे रबरी बुश (सांध्यातले रबर) आहेत त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आधी हातानं लावायचे, मग गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि बसलेल्या उंचीवर टॉर्क रेंचनं आवळायचे. नाहीतर तो रबर लटकलेल्या स्थितीत पक्का होतो आणि गाडी खाली ठेवली की कायमचा पिळलेला राहतो, चालताना आणखी पिळतो, वर्षभरात फाटतो. शिवाय गाडी नीट बसत पण नाही, उंचीचं माप चुकीचं येतं. लोक म्हणतात नव्या स्प्रिंगा "सेट व्हायला" महिना लागतो, त्यातला अर्धा प्रकार या बुशांचा असतो.

संध्याकाळी माप घेतलं तर पुढे ३३ आणि मागे ३० मिमी खाली. आठवड्यानं परत मोजलं, पुढे ३५, मागे ३२. हातावरच्या मार्करनंतर हे दुसरं माप काकांनी डायरीत लिहून ठेवलं. मग अलाइनमेंट. गाडी खाली गेली की टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) बदलतोच, आणि चाकं वरून किंचित आत झुकतात, तो कॅम्बर. पोलोत पुढचा कॅम्बर बदलायला फारशी सोय नाही, थोडा जो आत गेलाय तो राहू द्यायचा, तो टायर खात नाही. टायर खातो तो चुकलेला टो. म्हणून टो बरोबर करून घ्या, आणि पाचशे किलोमीटरनं परत चेक करा. हेडलाइटचा झोत पण बदलतो, भिंतीसमोर गाडी लावून परत सेट केला.

आता चालवायला कशी आहे. पहिल्या दिवशी सोसायटीच्या आत, वीसच्या वेगात, ती कंपनीपेक्षा कडक लागली. तो या सेटअपचा स्वभाव आहे, पेव्हर ब्लॉक, मॅनहोलची झाकणं, छोट्या गोष्टी हाताला कळतात. मूळ पोलोसारखं मऊ काही हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही, स्पष्टच सांगतो. पण कळणं वेगळं आणि आपटणं वेगळं. चाळीसच्या वर वेग गेला की जादू सुरू होते. खड्ड्यातून चाक एकदा खाली-वर होतं आणि संपलं, दुसरं हेलकावणं नाही. एक्स्प्रेस वेवर शंभरला लेन बदलली की गाडी आधी वळते आणि झुकते नंतर, तेही थोडंसंच. खंबाटकीच्या घाटात मालट्रकच्या मागून बाहेर काढताना स्टिअरिंगवर जो विश्वास येतो तो आधी कधी नव्हता. आंबा घाटात एका उतारावर वळणाच्या आत डांबर उखडलेलं, ब्रेक मारत असताना पुढचं डावं चाक त्यात गेलं, आणि गाडीनं रेषा सोडली नाही. त्या क्षणी लाख रुपये वसूल झाले.

आणि आई. कोल्हापूरला जाताना मुद्दाम काही सांगितलं नाही, मागे उशी घेऊन बसली होती. साताऱ्याच्या पुढे आरशात बघितलं तर झोपलेली. मला तिच्या बोलण्यापेक्षा ते प्रमाणपत्र मोठं वाटलं. उतरल्यावर विचारलं तर म्हणाली "आता बरीय, थोडी घट्ट वाटते पण हिसका नाही."

स्पीडब्रेकरचं विचाराल, सगळे विचारतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा असं दिलंय, ताशी पंचवीसनं आरामात ओलांडता येईल असा. असा ब्रेकर असेल तर १३० मिमी क्लिअरन्सची गाडी नुसती तरंगत जाते. आपल्याकडचे ब्रेकर कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे, गल्लीतल्या माणसांनी एका रात्रीत ओतलेला, दोन-अडीच फूट रुंद आणि वीतभर उंच सिमेंटचा कट्टा. तो १५ सेंमीचा असेल तर हिशोब सरळ आहे, १३ मधून १५ जात नाही. माझ्या रोजच्या रस्त्यावर असे दोन आहेत, एकावर तिरकी घालतो, दुसऱ्यासाठी मागची गल्ली घेतो. चार माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर गाडी आणखी दोन-अडीच सेंटीमीटर बसते, तेव्हा मात्र प्रत्येक ब्रेकर ओळखून घ्यावा लागतो. म्हणून किट मागवायच्या आधी एक काम करा, घर ते ऑफिस आणि घर ते गाव या रस्त्यांवरचे सगळ्यात वाईट तीन ब्रेकर आणि सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प, पट्टी घेऊन खरंच मोजा. रॅम्पच्या माथ्यावर, जिथे उतार संपतो, तिथे गाडीचं पोट टेकतं, ते कोणी मोजत नाही. ज्यांच्या गावचा शेवटचा दोन किलोमीटर रस्ता कच्चा आहे, मधे दगड आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, त्यांनी गाडी खाली बसवू नये. बी६ घ्या, उंची कंपनीची ठेवा, निम्म्याहून जास्त मजा तशीही मिळते. चेंबरला जाड लोखंडी गार्ड टाकून वर गाडी खाली बसवणारे पण बघितलेत, त्या गार्डनंच आणखी वीस मिमी जातात.

टायर कंपनीच्याच मापाचे ठेवलेत, १९५/५५ आर१६. त्यात टायरची भिंत १०७ मिमी आहे आणि खालच्या बारीक खडखडाटाचा बराचसा भाग तीच पिऊन टाकते. २०५/४० आर१७ टाकले की ती ८२ वर येते. गाडी खाली बसवली आणि वर मोठे अलॉय टाकले की मग लोक म्हणतात किट कडक आहे. किटचा काय दोष?

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येणार नाहीत. त्यामुळे करताना डोळे उघडे ठेवून करा. मी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेऊन ठेवली, बिलं फाइलला लावली, आणि जुना सेट घासूनपुसून माळ्यावर गुंडाळून ठेवलाय, उद्या लागलाच तर अर्ध्या दिवसात परत बसेल. वॉरंटीतल्या गाडीला मी स्वतः हे केलं नसतं.

चौदा महिने, एकोणीस हजार किलोमीटर झाले, दोन पावसाळे काढले. शॉक कोरडे आहेत, कुठे गळती नाही. टायर चारही सारखे झिजलेत, आतून हात फिरवून बघतो दर महिन्याला, ती सवयच लागलीय. एकदा मागून बारीक कुरकुर सुरू झाली होती, ती स्प्रिंगच्या खालच्या रबरी सीटमधे अडकलेल्या खडीची निघाली, धुतल्यावर गेली. लिंक रॉड एकदा बदलला.

केबल टायची युक्ती याही किटवर केली, फिटिंगच्या वेळी काकांकडूनच पुढच्या दोन्ही रॉडवर टाय बांधून घेतले होते. एकटा रोज ऑफिसला जाताना बंपस्टॉपपर्यंत चौदा-पंधरा मिमी उरतात. मागच्या रविवारी कोल्हापूरहून आम्ही चौघं आणि डिकीत गुळाच्या दोन ढेपा, तांदळाचं पोतं घेऊन आलो, घरी आल्यावर गाडी थंड व्हायची पण वाट न बघता बॅटरी घेऊन खाली वाकलो. डाव्या बाजूला चार मिमी, उजव्या बाजूला सहा.